फोनवर गाणी ऐकायला कुठलं ॲप घेऊ? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फोनमधली जागा मोकळी कशी करायची ते लिहिलं होतं आणि शेवटी सहज विचारलं होतं की तुम्ही गाणी कशावर ऐकता, तर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हे अख्खं सदर आता त्यावरच करतेय. बहुतेकांचं वाक्य एकच, "ताई, चांगलं प्लेअर ॲप सांगा." मी लगेच नाव सांगू शकते, पण मला आधी कळायला हवं की तुमची गाणी आहेत कुठे. फोनमध्ये किंवा कार्डवर फाइल म्हणून आहेत, की एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर आहेत आणि तुम्ही महिन्याला पैसे भरून किंवा जाहिराती ऐकून ती ऐकता? या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत की एकीचं ॲप दुसरीच्या कामाचं नाही. खाली जास्त करून पहिल्या प्रकारावरच लिहिलंय, कारण पत्रंही त्याचीच जास्त होती आणि खरं सांगायचं तर माझा जीवही त्यातच आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, मी साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक. आई ८३ वर्षांची आहे. तिला पहाटे काकडा आणि संध्याकाळी हरिपाठ लागतो, मेमरी कार्डवर सगळं भरून दिलंय. पण फोनसोबत आलेल्या प्लेअरमध्ये मधेच जाहिरात येते, आई ती घालवायला कुठेतरी दाबते, भलतंच पान उघडतं आणि हरिपाठ बंद. मग घाबरून हाका मारते. जाहिराती नसलेलं, सोपं असं काही आहे का?

सर, आहे, आणि फुकट आहे. म्युझिकोलेट नावाचं ॲप घ्या. भारतातच बनलेलं आहे, जाहिराती नाहीत, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ते इंटरनेटची परवानगीच घेत नाही. म्हणजे फोनचा डेटा चालू असला तरी हे ॲप बाहेर काही पाठवू शकत नाही की बाहेरून काही आणू शकत नाही, मग जाहिरात येणार कुठून. आईंसाठी दुसरा फायदा असा की यात एकापेक्षा जास्त रांगा, म्हणजे क्यू, ठेवता येतात. एक काकड्याची लावा, एक हरिपाठाची, आणि वाटलं तर एक नुसत्या गवळणींची. प्रत्येक रांग आपण कुठे थांबलो होतो ते लक्षात ठेवते, त्यामुळे पहाटे काकडा अर्धा राहिला आणि संध्याकाळी हरिपाठ ऐकला तरी दुसऱ्या दिवशी काकडा तिथूनच पुढे सुरू करता येतो.

आता थोडं सेटिंग तुम्हीच करून द्या. ॲपचं विजेट होम स्क्रीनवर मोठं करून ठेवा, आणि त्या पानावर बाकीचं काहीच ठेवू नका, फक्त ते आणि फोन करायचं बटण. झोपताना ऐकत असतील तर स्लीप टायमर आहे, अर्ध्या तासाने आपोआप बंद होतं. आणि जमलं तर एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या ज्याला खरंखुरं दाबायचं बटण आहे. अँड्रॉइड फोन स्पीकरवरच्या त्या बटणाचा इशारा शेवटी जे प्लेअर वाजत होतं त्यालाच देतो, त्यामुळे आईंना बहुतेक वेळा फोन हातात घ्यायचीसुद्धा गरज पडत नाही. माझ्या मावशीला असंच करून दिलंय, तिला काच सरकवणं जमत नाही पण बटण दाबणं तिला रेडिओपासून माहीत आहे.

जाहिरातींचं एक सगळ्यांसाठीच सांगते. प्ले स्टोअरवर ॲपच्या नावाखालीच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यात जाहिराती आहेत की नाहीत, इन्स्टॉल करायच्या आधी तेवढं वाचाच. खाली 'अबाउट धिस ॲप' मध्ये परवानग्यांची यादी पण दिसते. गाणी वाजवणाऱ्या ॲपला खरं म्हणजे तुमच्या ऑडिओ फाइल्स बघायची परवानगी हवी असते, अँड्रॉइड १३ पासून ती 'म्युझिक अँड ऑडिओ' अशी वेगळीच मिळते, म्हणजे फोटोंना हात न लावता. शिवाय नोटिफिकेशनची. बास. कॉन्टॅक्ट कशाला हवेत, लोकेशन कशाला हवं? फोन आल्यावर गाणं थांबायला हवं म्हणून कॉलची परवानगी द्या असं काही ॲप सांगतात, पण त्यासाठी ती लागत नाही, फोन आला की अँड्रॉइड स्वतःच प्लेअरला गप्प व्हायला सांगतं.

प्रश्न : ताई, माझ्या फोनमध्ये साधारण दोन हजार गाणी आहेत पण सगळा गोंधळ आहे. निम्म्या गाण्यांचं नाव 'ट्रॅक ०१, अननोन आर्टिस्ट', काहींच्या जागी नुसते चौकोन नाहीतर विचित्र अक्षरं. गीतरामायण लावलं की पहिल्यानंतर एकदम दहावं लागतं. आणि शफलवर ठेवलं की भावगीतानंतर मुलीची व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट वाजते, "बाबा येताना दूध आणा." तीन ॲप बदलून झाली. कुठलं घेऊ? — एक वाचक, नाशिक

दादा, चौथं ॲप घेतलं तरी हेच होणार, कारण दुखणं ॲपचं नाहीये, फाइलींचं आहे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण अगदी हाच प्रकार माझ्या वडिलांच्या गाण्यांचा झाला होता आणि तो निस्तरायला मला एक अख्खा पावसाळा लागला, पण आता ती गाणी कुठल्याही फोनवर टाकली तरी जशीच्या तशी लागतात.

प्रत्येक एमपीथ्री फाइलच्या आत गाण्याबरोबर एक छोटी चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. गाण्याचं नाव, गायक, अल्बम, कितवा नंबर, हे सगळं त्या चिठ्ठीत. प्लेअर बहुतेक वेळा फाइलचं नाव बघतच नाही, चिठ्ठी वाचतो. चिठ्ठी कोरी असेल तर अननोन. आणि चौकोन दिसतात ते का, तर जुन्या टॅगमध्ये मराठीची सोयच नव्हती, त्यात प्रत्येक नावाला जेमतेम ३० अक्षरांची जागा आणि ती पण इंग्रजी धाटणीची. लोकांनी मग त्या काळच्या डीटीपी फॉन्टमध्ये नावं टाइप केली, ती त्या फॉन्टशिवाय अशीच अगम्य दिसणार. नंतरच्या टॅगमध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी एकच अक्षरपद्धत, आलं, त्यात देवनागरी व्यवस्थित बसतं.

तर एक रविवार काढा आणि कॉम्प्युटरवर एमपीथ्रीटॅग हे विंडोजचं ॲप घ्या, फुकट आहे. आधी सगळ्या गाण्यांची एक कॉपी दुसरीकडे ठेवा, हे विसरू नका. मग एकेक फोल्डर उघडून पन्नास गाणी एकदम सिलेक्ट करून अल्बमचं नाव एकदाच लिहायचं, सगळ्यांना लागतं. फाइलचं नाव बरोबर असेल तर त्यावरून टॅग आपोआप भरायची सोय पण आहे, एका क्लिकमध्ये होतं.

गीतरामायणाचं सांगते. ५६ गीतं आहेत, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी लागली होती आणि गोष्ट पुढे सरकते म्हणून क्रम मोडला की सगळी मजाच जाते. तुमच्याकडे पहिल्यानंतर दहावं लागतं कारण ट्रॅक नंबर कोरा आहे आणि ॲप नावाप्रमाणे लावतंय, आणि नावाप्रमाणे लावताना १ नंतर १०, ११, १२ येतात आणि २ पार मागे जातो. ट्रॅक नंबरच्या रकान्यात १ ते ५६ भरा (एमपीथ्रीटॅगमध्ये ऑटो नंबरिंग आहे, गाणी एकदा बरोबर क्रमाने लावली की झालं), आणि फाइलच्या नावातही सुरुवातीला ०१, ०२ असे दोन आकडी नंबर द्या म्हणजे जे प्लेअर फोल्डरने वाजवतात तेही चुकणार नाहीत.

अजून एक रकाना लोक सोडून देतात तो म्हणजे 'अल्बम आर्टिस्ट'. भावगीतांच्या एका सीडीवर सात गायक असतील तर काही ॲप त्याचे सात अल्बम करून ठेवतात, प्रत्येकात एकदोन गाणी. अल्बम आर्टिस्टमध्ये सगळीकडे एकच काहीतरी लिहा, मी 'विविध' लिहिते, मग अल्बम एकत्र राहतो. नाट्यसंगीताला मी गायकाच्या जागी गायक, कंपोझरच्या जागी संगीतकार आणि अल्बमच्या जागी नाटकाचं नाव टाकते, त्यामुळे एकाच नाटकातली सगळी पदं एकत्र सापडतात, मग ती कुणीही गायलेली असोत. आणि लिपी एक ठरवा बाबा, एक तर सगळं मराठीत नाहीतर सगळं इंग्रजीत, नाहीतर 'भावगीत', 'भावगीते' आणि तेच इंग्रजी स्पेलिंगमध्ये असे तीन वेगळे कप्पे होतात आणि शोधताना एकात नसलं की आपल्याला वाटतं गाणं हरवलं.

व्हॉइस नोटचा इलाज सोपा आहे. म्युझिकोलेट असो की व्हीएलसी (हेही एक फुकट प्लेअर, पुढे सांगते), सेटिंगमध्ये कुठले फोल्डर बघायचे ते ठरवता येतं, तिथे व्हॉट्सॲपचे फोल्डर बंद करा. काही ॲपमध्ये एक मिनिटापेक्षा छोटे तुकडे लपवा असंही असतं पण त्यात आरत्या आणि श्लोकही लपतात, म्हणून मी ते वापरत नाही. ॲपमध्ये सोय नसेल तर ज्या फोल्डरमधलं काही दिसायला नको त्यात एक रिकामी फाइल ठेवायची, तिचं नाव म्हणजे आधी एक टिंब आणि लगेच नोमीडिया हा शब्द इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाही. अँड्रॉइड ते बघून त्या फोल्डरकडे ढुंकून बघत नाही. हे व्हॉट्सॲपच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये मात्र करू नका हं, गॅलरीतून फोटो गायब होतील आणि घरात आरडाओरडा होईल.

आणि हो, नातेवाइकांना गाणं पाठवताना व्हॉट्सॲपवर 'ऑडिओ' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून गेलं की समोरच्याच्या फोनमध्ये फाइलचं नाव बदलून तारीख आणि नंबर होतो. डॉक्युमेंटमध्ये नाव शाबूत राहतं.

प्रश्न : आमच्याकडे चिपळूणच्या वरच्या वाडीत रेंज नाही. मी पैसे भरून एका ॲपवर दीडशे गाणी डाउनलोड करून ठेवली होती, एका महिन्यात पैसे भरायचे राहिले तर सगळी बंद. मी पैसे भरून घेतलेली गाणी माझी नाहीत का? आणि ती दुसऱ्या प्लेअरमध्ये का दिसत नाहीत?

नाहीत हो, तुमची नाहीत. शब्द डाउनलोड असा वापरतात त्यामुळे आपली फसगत होते, पण ती कुलूपबंद फाइल असते, तिची किल्ली त्या ॲपकडे आणि किल्ली चालू राहते वर्गणी चालू असेपर्यंत. म्हणून दुसऱ्या प्लेअरला ती गाणी दिसतच नाहीत. रेंज नसलेल्यांना तर आणखी एक अडचण, उदाहरणार्थ स्पॉटिफायमध्ये वर्गणी भरलेली असली तरी ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर डाउनलोड केलेली गाणी निघून जातात. वाडीतून खाली बाजारात आलात की ॲप उघडायची सवय ठेवा.

आणि सेवाच बंद पडते ती गोष्ट निराळीच. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या डिसेंबरमध्ये बंद झालं, रेसो भारतात जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं, विंक बंद करत असल्याचं एअरटेलने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितलं. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या, मुलांच्या बारशाची गाणी, प्रवासाची गाणी, अशा प्रत्येक वेळी नव्या घरात हलवत बसावं लागतं. मी स्ट्रीमिंगच्या विरोधात नाही, नवीन काही ऐकायचं तर मी पण तिथेच जाते. पण ज्या गाण्यांशिवाय आपलं घर चालत नाही ती शंभर-दोनशे गाणी फाइल म्हणून आपल्याकडे हवीतच. जुन्या सीडी असतील तर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आयट्यून्स स्टोअरवर विकत घेतलेली गाणी २००९ पासून बिनकुलपाची असतात, ती कुठेही वाजतात. कुठल्यातरी साइटवरून चोरून उतरवू नका, त्यात व्हायरसचा धोका तर आहेच, आणि आपल्या मराठी गाण्यांना आधीच कोण पैसे देतंय.

जागेची काळजी करू नका. १२८ केबीपीएसची एमपीथ्री (हा आकडा जेवढा मोठा तेवढा आवाज चांगला आणि फाइल मोठी) मिनिटाला साधारण १ एमबी घेते, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ एमबी, ६४ जीबीच्या कार्डवर अशी बारा हजारांच्या आसपास बसतात. ३२० केबीपीएस घेतलं तर अडीचपट जागा लागेल तरी पुरून उरेल. फक्त कार्ड ही एकच प्रत ठेवू नका. माझं कार्ड एकदा अचानक वाचेनासं झालं आणि त्यात आजोबांच्या आवाजातलं एक भजन होतं जे दुसरीकडे कुठेच नव्हतं. त्याला आता नऊ वर्षं झाली, अजून आठवलं की वाईट वाटतं.

प्रश्न : मी रात्रीची गाडी चालवतो, पुणे ते नागपूर. स्क्रीन बंद केली की दहा-पंधरा मिनिटांनी गाणं आपोआप बंद पडतं, परत फोन उघडावा लागतो. ॲप खराब आहे का?

ॲप बरोबर आहे, फोनच त्याला मारतोय. बॅटरी वाचवायच्या नादात बऱ्याच कंपन्यांचे फोन स्क्रीन बंद झाल्यावर मागे चालणारी ॲप बंद करतात, आणि प्लेअरही त्यात सापडतं. फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, मग तुमचा प्लेअर, मग बॅटरी, तिथे 'नो रिस्ट्रिक्शन' किंवा 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं असतं तेही चालू करा. आणि रिसेंट ॲप्सच्या यादीत त्या ॲपवर कुलपाचं चिन्ह लावायची सोय असेल तर लावा. प्लेअरची नोटिफिकेशन बंद करून ठेवली असेल तर ती पण चालू ठेवा.

स्क्रीन बंद ठेवून कार्डवरची गाणी वाजवायला बॅटरी फार लागत नाही, तेव्हा घाबरू नका. आणि दादा, हे सगळं गाडी उभी असताना करा. रात्रभराची रांग निघायच्या आधीच लावून ठेवायची आणि फोन बाजूला, गाडी चालवताना त्याला हात नाही.

प्रश्न : ताई, मी फोंड्याची, कॉलेजला आहे आणि गाणं शिकते. गुरुजींनी दिलेली बंदिशींची रेकॉर्डिंग्ज मोबाइलवर आहेत. तानेची एकच जागा परत परत ऐकायची असते तर दर वेळी बोटाने मागे ओढावं लागतं. शिवाय रेकॉर्डिंग काळी दोनमध्ये आहे आणि मी ते पांढरी एकमध्ये गाऊन बघतेय. असं कुठलं ॲप आहे का?

अगं किती छान प्रश्न विचारलास! तुझ्यासाठी व्हीएलसी. लोकांना ते व्हिडिओचं ॲप म्हणून माहीत आहे, पॅरिसच्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, आजही फुकट आणि बिनजाहिरातीचं. पण त्यात ऑडिओचा वेगळा भाग आहे आणि त्यात 'ए-बी रिपीट' म्हणून सोय आहे. तान सुरू होते तिथे ए दाबायचं, समेवर आली की बी, मग तेवढाच तुकडा फिरत राहतो, तू दोन्ही हात तानपुऱ्यावर ठेवून ऐकत बस. स्पीडही कमी करता येतो आणि स्पीड कमी केला तरी सूर खाली जात नाही. मी सांगेन की पाऊणपट ठेव, फार तर ०.७, त्याच्या खाली गेलीस की आवाज तुटक होतो आणि गमक, मींड कशी घेतलीय ते कळेनासं होतं, म्हणजे ज्यासाठी हळू केलं तेच हातातून जातं.

पट्टी बदलायला मात्र वेगळं ॲप लागेल. म्युझिक स्पीड चेंजर नावाचं आहे, त्यात स्पीड आणि पिच वेगवेगळे हलवता येतात. काळी दोनवरून पांढरी एकवर यायचं म्हणजे पेटीवर मोज, काळी दोन, पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक, तीन घरं खाली, तर पिच उणे ३ करायचं. एवढ्या बदलाने आवाज जरा जाड वाटेल पण रियाजाला चालतो. त्याहून जास्त खाली-वर केलंस तर आवाजाचा पोतच बदलतो, ते ऐकून नक्कल करू नकोस, नुसते स्वर समजून घ्यायला वापर.

तू विचारलं नाहीस तरी सांगते कारण शास्त्रीय ऐकणाऱ्यांना याचा फार त्रास होतो. बऱ्याच अल्बममध्ये विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या, पण तानपुरा सलग चालूच असतो. प्लेअर एका फाइलवरून दुसरीवर जाताना मध्ये क्षणभर शांतता येते आणि लागलेला सूर खाडकन तुटतो. एमपीथ्री बनतानाच ध्वनीचे ठरावीक मापाचे तुकडे होतात, साधारण २६ मिलिसेकंदांचा एक तुकडा, आणि पहिल्या-शेवटच्या तुकड्यात उरलेली जागा शांततेने भरली जाते. ज्या प्लेअरमध्ये 'गॅपलेस' असतं तो ही भरलेली जागा ओळखून कापतो. म्युझिकोलेटमध्ये आहे, पॉवरॲम्प नावाच्या विकतच्या प्लेअरमध्ये आहे. सेटिंगमध्ये क्रॉसफेड म्हणून दुसरं काहीतरी असतं, त्यात एक गाणं विरत दुसरं चढतं, ते लग्नाच्या हॉलमध्ये ठीक आहे, ख्यालाला नको.

प्रश्न : वडिलांच्या कीर्तनाच्या सत्तर कॅसेट भारतातून आणल्यात, इथे न्यू जर्सीत डिजिटल करायच्यात. माझा आयफोन आहे. फाइली आयफोनवर टाकता येत नाहीत असं ऐकलं, मग अँड्रॉइड घेऊ का?

फोन बदलू नका. म्युझिकोलेट आयफोनवर नाही, पण व्हीएलसी आहे, आणि त्यात 'शेअरिंग व्हाया वायफाय' चालू केलं की स्क्रीनवर एक पत्ता दिसतो, तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकायचा आणि फाइली ओढून सोडायच्या, थेट फोनमध्ये. केबल नको, आयट्यून्स नको. फक्त दोन्ही एकाच वायफायवर हवेत.

तुमच्याकडे खरं काम आहे ते कॅसेटचं आणि ते लवकर करा, टेप वर्षागणिक खराब होते. वाजवायच्या आधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. टेप डेक कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडून ऑडासिटीमध्ये रेकॉर्ड करा, ते पण फुकट आहे. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, सीडीच्या दर्जाने मिनिटाला १० एमबी म्हणजे एक बाजू ४५० एमबीच्या आसपास. ती मूळ प्रत फ्लॅक या प्रकारच्या फाइलीत जपून ठेवा, फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीच जात नाही आणि जागा निम्म्यावर येते. घरच्यांना वाटायला १९२ केबीपीएसची एमपीथ्री करा, एक बाजू ६५ एमबी होईल. खरखर काढायच्या मागे फार लागू नका, फिल्टर जास्त मारला की टाळ आणि श्वास दोन्ही जातात आणि बुवा डब्यात बसून बोलतायत असं वाटतं.

कीर्तनाची फाइल लांब असते, तर पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग करा, नावात गाव आणि साल टाका, वडिलांच्या हस्ताक्षरात कॅसेटच्या पुठ्ठ्यावर जे लिहिलंय त्याचा फोटो काढून तोच अल्बमचं चित्र म्हणून लावा. फोनवर कीर्तन सुरू झालं की तो समोर दिसतो.

प्रश्न : पॉवरॲम्पला पैसे द्यावेत का? आणि माझी एमपीथ्री फ्लॅकमध्ये बदलली तर आवाज सुधारेल का?

दुसऱ्याचं आधी, नाही सुधारणार. एमपीथ्री करताना जे गेलं ते गेलं, फ्लॅक करून नुसती फाइल फुगेल.

पॉवरॲम्प काही दिवस फुकट वापरून बघता येतं आणि मग एकदाच पैसे, दर महिन्याला नाहीत. ज्यांना इक्वलायझरमध्ये, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांनी कमी-जास्त करण्यात, रमायला आवडतं, चांगले हेडफोन आहेत, त्यांनी जरूर घ्यावं. त्यातला 'रिप्लेगेन' मला फार उपयोगी वाटतो, जुनं ध्वनिमुद्रण हळू असतं आणि नवं कानठळ्या बसवणारं, हा प्रकार फाइलींचं मोजमाप करून सगळी गाणी एका पातळीवर आणतो. पण ती मोजमापं आधी फाइलीत भरलेली असावी लागतात, ते कॉम्प्युटरवर फूबारसारख्या ॲपने होतं. इक्वलायझरमध्ये सगळ्या पट्ट्या वर नेऊ नका, आवाज फाटतो, जे नको ते खाली करा. जुन्या रेकॉर्डची शीळ त्रास देत असेल तर ८ हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्या थोड्या उतरवा, डग्गा हवा असेल तर १०० च्या आसपासची किंचित वर. एवढंच करायचं असेल तर फुकटच्या ॲपमध्येही भागतं.

प्रश्न : मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. काही जुनी गाणी लावली की नुसती वाद्यं ऐकू येतात, गायिकेचा आवाज जवळजवळ नाहीच. कानाचंच आहे समजून मी ती गाणी सोडून दिली. याला काही ॲप आहे का? — एक वाचक, अकोला

काकू, गाणी सोडू नका! सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला ठेवलेली असायची. तुमच्या गाण्यांत आवाज डावीकडे असणार, म्हणून उजव्या कानात तो पोचतच नाही. यासाठी ॲप लागतच नाही, फोनमध्येच सोय आहे. सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा, त्यात 'ऑडिओ' किंवा 'हिअरिंग' असं काहीतरी असेल, तिथे 'मोनो ऑडिओ' चालू करा. दोन्ही बाजू एकत्र होऊन उजव्या कानात पूर्ण गाणं येईल, आणि हे कुठल्याही ॲपला लागू होतं. आयफोनवरही ॲक्सेसिबिलिटीतच आहे. तिथेच खाली डावा-उजवा तोल सरकवायची पट्टी असते, ती मधोमध राहू द्या.

आजच करून बघा, आणि पहिलं गाणं कुठलं लावलंत ते मला नक्की कळवा.